१०० मिलीला ७ ग्रॅम: हे माप आलं कुठून?

आजचा भाग चहावर आहे, पण आपल्या आलं-वेलचीवाल्या चहावर नाही. युन्नान हा चीनच्या नैऋत्येचा प्रांत. तिथला पू-अर चहा वाफवून, दाबून त्याच्या गोल चकत्या करतात आणि त्या वर्षानुवर्षं मुरू देतात. वीस वर्षं मुरलेली चकती स्वस्त नसते. म्हणजे माप चुकलं तर नुसता चहा कडू होत नाही, पैसेही पाण्यात जातात. अक्षरशः!

घरी हा चहा करणारे लोक साधारण १०० मिली पाण्याला ५ ते ८ ग्रॅम चहा घेतात, बरेच जण ७. आता १९८० चं आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक बघा. चहाची चव तपासताना १०० मिलीला २ ग्रॅम घ्या आणि सहा मिनिटं ठेवा, असं ते सांगतं. साडेतीनपट फरक! मग बरोबर कोण?

त्यासाठी आठव्या शतकात जाऊ. थांग राजवटीत लू यू नावाच्या माणसाने 'छा जिंग' हा चहावरचा ग्रंथ लिहिला. त्यात चहाच्या भांड्याकुंड्यांमध्ये एक मापाचा चमचा आहे. शिंपल्याचा, तांब्याचा, लोखंडाचा किंवा बांबूचा. त्याचं नावच 'नियम' या अर्थाचं. एक शेंग पाण्याला एक चौरस इंची चमचा पूड, असं त्याचं प्रमाण. (शेंग हे द्रवाचं माप, भुईमुगाची नव्हे.) आणि लगेच पुढे तो म्हणतो की फिका आवडत असेल तर कमी करा, कडक हवा तर वाढवा. म्हणजे नियम दिला, पण डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणून.

गंमत अशी की थांग काळात शेंग दोन होते. मोठा अंदाजे ६०० मिलीचा, रोजच्या व्यवहारातला. छोटा २०० मिलीचा, औषधांसाठी वगैरे. इंची चमचा वैद्यांच्या वापरातला, आणि ग्रंथात नुसतं 'एक शेंग'. युनिट न लिहिलेला व्हेरिएबल किती त्रास देतो हे आम्हा कोड लिहिणाऱ्यांना विचारा.

तरी चमच्याने त्याचं भागायचं, कारण तेव्हा चकती भाजून, कुटून, चाळून पूड उकळायचे. पूड चमच्यात सारखी बसते. आपल्याकडे दाणेदार चहा 'कपाला एक चमचा' चालतो तो त्याचमुळे. पुढे १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूने दरबाराला नजराणा म्हणून येणारा दाबलेला चहा बंद करून सुटी पत्ती मागवली. सुटी पत्ती भिजवून पिण्याची पद्धत रुळली, चहादाण्या आल्या आणि हळूहळू लहान होत गेल्या.

युआन मेइ हा छिंग काळातला कवी आणि खवय्या. वूयी डोंगरातला चहा त्याला आवडायचा नाही, औषधासारखा दाट-कडू लागायचा. १७८६ मध्ये तो तिथे गेला, तेव्हा मठातल्या लोकांनी महाळुंगाएवढ्या चहादाणीतून अक्रोडाएवढ्या पेल्यात चहा दिला. आधी वास घ्यायचा, मग घोट घोट. त्याचं मतच बदललं. माझ्या मते चहाच्या मापाच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा पेला.

कारण आपल्या साडेतीनपट फरकाचं उत्तर त्यात आहे. छोट्या भांड्यात ७ ग्रॅम चहावर पाणी फक्त दहा-पंधरा सेकंद राहतं. ओतून घेतलं की पुन्हा नवीन पाणी. मुरलेला चहा अशी दहा पाणी सहज देतो. हिशेब करा: ७ ग्रॅमला एक लिटर, म्हणजे १०० मिलीला ०.७ ग्रॅम. मानकापेक्षाही कमी! वेळ आणि फेऱ्या सांगितल्याशिवाय नुसत्या प्रमाणाला अर्थच नाही.

इकडे युन्नानने मात्र चकत्या सोडल्या नाहीत. खेचरांवरून लांब न्यायला दाबलेला माल सोयीचा. १७३५ मध्ये सरकारने करासाठी नियम केला: सात चकत्यांची एक चवड, वजन ४९ ल्यांग, म्हणजे चकतीला ७ ल्यांग. तेव्हाचा ल्यांग सुमारे ३७ ग्रॅम, आपल्या तीन तोळ्यांहून थोडा जास्त. म्हणजे चकती साधारण २६० ग्रॅमची. आज मात्र वेष्टनावर ३५७ ग्रॅम असतं. हा विचित्र आकडा कसा? अडीच किलोची चवड, भागिले सात. सात तेच राहिले, खालचं युनिट बदललं.

आता तुमच्या ओट्यावर. चकतीतून निघालेला घट्ट तुकडा आणि मोकळी पानं चमच्यात सारखी दिसली तरी वजनात भलताच फरक पडतो. त्यामुळे इथे लू यूचा चमचा उपयोगाचा नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातला काटा पूर्ण ग्रॅमच दाखवत असेल तर ५ ग्रॅममागे १० टक्के इकडेतिकडे होतं. पाण्याचंही तसंच. '१०० मिली'चं भांडं बहुधा काठोकाठ मोजलेलं असतं. नेहमी भरता तेवढंच पाणी भरून एकदा वजन करा. १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरा. ८० निघालं तर चहा साडेपाच ग्रॅमच घ्या. आणि ७ ग्रॅमनेच करत असाल, तर ३५७ ची चकती बरोबर ५१ वेळा पुरते.