विलीनीकरणातील सेवासुरक्षा : सातारा व सांगली

एक संस्था दुसरीत विलीन होताना पहिलीच्या नोकरवर्गाचे काम, वेतन, सेवाज्येष्ठता व नेमणुकीचे ठिकाण यांना मिळणारे, किंवा न मिळणारे, संरक्षण. कृष्णाकाठी हा प्रश्न मुख्यतः बँकांमुळे उभा राहिला. २ सप्टेंबर २००६ ते १९ एप्रिल २००७ या साडेसात महिन्यांत कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली.

साताऱ्याला हा अनुभव नवा नव्हता. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये येथे वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक. विमा कंपनी १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात आयुर्विमा महामंडळात गेली. आयुर्विमा महामंडळ कायद्याच्या कलम ११ ने पूर्णवेळ नोकर आपसूक महामंडळाचे झाले. मात्र वेतनश्रेण्या एकसारख्या करण्यासाठी सेवाशर्ती बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला. महामंडळाचे विभागीय कार्यालय साताऱ्यात असल्याने विम्याच्या नोकऱ्या गावातून पुरत्या उठल्या नाहीत. बँकेच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

युनायटेड वेस्टर्न बँकेवर रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीवरून २ सप्टेंबर २००६ रोजी स्थगिती, म्हणजे बँकवाल्यांच्या बोलीत मोरेटोरियम, आली. तिच्या २३० शाखा होत्या. ती मिळवण्यासाठी अनेक संस्था पुढे आल्या. अखेर ३ ऑक्टोबरपासून ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये मिळाले.

हे विलीनीकरण बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ४५ खालचे, म्हणजे सक्तीचे होते, आणि नोकरांच्या दृष्टीने तेच अधिक सुरक्षित ठरते. या कलमानुसार नोकरांची सेवा स्थगितीच्या आधीच्याच वेतनावर व शर्तींवर पुढे चालते. योजनेत नाव घालून एखाद्याला वगळता येते, पण तो औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला ‘कामगार’ असता कामा नये. म्हणजे टांगती तलवार असते ती अधिकाऱ्यावर, कारकुनावर नव्हे. शिवाय तीन वर्षांच्या आत, पात्रता व अनुभव समान असल्यास, घेणाऱ्या बँकेतील समकक्ष नोकराइतके वेतन द्यावे लागते. पात्रता समान आहे की नाही यावर वाद झाला तर रिझर्व्ह बँकेचा निर्णय अंतिम.

सांगलीची गोष्ट वेगळी. १९१६ मध्ये स्थापन झालेली, राजवाडा चौकात मुख्य कार्यालय असलेली सांगली बँक राजीखुशीने, कलम ४४ क खाली विलीन झाली. घोषणा डिसेंबर २००६ मध्ये झाली. अदलाबदलीचे प्रमाण सांगली बँकेच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे १०० शेअर. शाखा व विस्तार कक्ष मिळून १९८, त्यांपैकी १५८ शाखा महाराष्ट्रात व ३१ कर्नाटकात. नोकर सुमारे १,८५०. कलम ४४ क मध्ये भागधारकांची संमती येते, असहमत भागधारकाच्या शेअरची किंमत येते, मालमत्ता व देणी यांचे हस्तांतर येते. नोकरांविषयी त्यात काहीही नाही. ज्याचा एक शेअर आहे त्याला मत, ज्याची तीस वर्षे नोकरी आहे त्याला नाही. त्यामुळे कर्मचारी संघटनांचा विरोध होणे साहजिक होते. कामगार वर्गाला औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५ फफ चा आधार होता: सेवा अखंड मानली आणि शर्ती पूर्वीपेक्षा कमी प्रतीच्या नसल्या तरच नुकसानभरपाई टळत असे. अधिकाऱ्यांना तोही आधार नव्हता.

दोन्ही मार्गांत कायदा बोलतो तो फार तर नोकरी व पगार यांबद्दल. बढतीच्या रांगेतील जागा आणि बदलीचे गाव या गोष्टी घेणाऱ्या संस्थेच्या धोरणावर सोडलेल्या असतात, आणि भांडणे होतात ती तिथेच. बँकांबाहेर, वैमानिकांच्या बाबतीत हे सर्वांत ठळक दिसते, कारण सहवैमानिकाचा कमांडर केव्हा होणार, कोणते विमान व कोणता मार्ग मिळणार, हे सारे ज्येष्ठतायादीतील क्रमांक ठरवतो. मालवाहू विमान कंपन्याही याला अपवाद नाहीत. १९८९ मध्ये फ्लाइंग टायगर फेडरल एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली तेव्हा दोन याद्यांची एक यादी लावणे हाच नाजूक भाग होता. एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, पण सेवाशर्तींचा गुंता सोडवण्यासाठी नेमलेल्या न्या. धर्माधिकारी समितीचा अहवाल आला २०१२ मध्ये. त्याच वर्षी ड्रीमलायनरचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे यावरून मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस संप केला.

सातारा-सांगलीत मोठा तोटा झाला तो मुख्य कार्यालयांचा. शाखा राहिल्या, फलक बदलले. पण भरती, बढती व बदली यांचे निर्णय मुंबईहून होऊ लागले. गावच्या पदवीधराला गावातल्याच मुख्य कार्यालयात कारकून म्हणून लागून पुढे तिथेच अधिकारी होण्याची जी वाट होती, ती बंद झाली. या तोट्याची नोंद कोणत्याही विलीनीकरण योजनेत होत नाही.

निवृत्तिवेतनाची जबाबदारी मात्र घेणाऱ्या बँकेकडे आली. आयसीआयसीआय बँकेच्या वार्षिक अहवालांत पूर्वाश्रमीच्या बँक ऑफ मदुरा, सांगली बँक व बँक ऑफ राजस्थान यांच्या पात्र कर्मचाऱ्यांसाठीची निवृत्तिवेतन योजना त्या बँकांच्या नावांनिशी नमूद केलेली आढळते.