बीजी वनस्पती व त्यांचे वर्गीकरण
बीजी वनस्पती : ज्यांच्यात बीजकाचे बीज बनते अशा वनस्पतींचा गट. प्रकटबीज व आवृतबीज हे त्याचे दोन भाग. प्रकटबीजांची बीजके उघडी असतात. खरे फळ धरत नाही. जगात त्यांच्या जाती जेमतेम हजारभर. सह्याद्रीतील उंबळीची वेल त्यांपैकीच. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या आवारातले सायकस व मोरपंखी मात्र मुद्दाम लावलेले. आवृतबीजांची बीजे फळात असतात. जाती सुमारे ३ लाख; द्विदलिकित व एकदलिकित हे त्यांचे दोन वर्ग. भुईमुगाचा दाणा सोलून दाबला की दोन दले सुटतात व टोकाशी इवला गर्भ दिसतो, हा द्विदलिकित. चाकणची बाजारपेठ ज्याच्यासाठी प्रसिद्ध आहे त्या कांद्याचे बी एकच दल गुडघ्यासारखे वाकवून मातीबाहेर काढते, हा एकदलिकित.

बेंथॅम व हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपल्या वर्गीकरणात (१८६२–८३) प्रकटबीजांना द्विदलिकित व एकदलिकित यांच्या मध्ये बसवले. वनस्पती ओळखायला ही पद्धत सोयीची, पण वंशसंबंध पाहता ती जागा चुकीचीच. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–०८) तिलाच अनुसरतो. १९९८ पासूनची एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) पद्धती मुख्यतः डीएनएच्या पुराव्यावर चालते. तिच्या २००९ च्या आवृत्तीपासून कांदा बेंथॅम-हूकरांच्या लिलिएसीऐवजी ॲमॅरिलिडेसी कुलात गणला जातो.