कुमारटुली : मूर्तिकारांची वस्ती

उत्तर कोलकात्यात, हुगळीच्या काठाजवळ कुमारटुली ही कुंभारांची जुनी वस्ती आहे. इथले बरेच कारागीर मूळचे नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरचे. सुरुवातीला ते मडकी, भांडी घडवत. पुढे शोभाबाजारच्या राजवाड्यात नवकृष्ण देव यांनी 1757 मध्ये दुर्गापूजा सुरू केली, इतर धनिकांनी त्यांचा कित्ता गिरवला आणि मूर्तींची मागणी वाढली.

आपल्याकडे पेणला गणपतीसाठी शाडू साच्यात दाबतात. इथे मूर्ती आतून उभी राहते. बांबूच्या सांगाड्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून अंग घडवतात. त्यावर आधी भाताचा कोंडा घातलेली चिकणमाती, मग नदीची मऊ माती चढते. वाळताना पडलेल्या भेगांवर मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवतात. शेवटी खडूचा पांढरा हात आणि चिंचोक्यांच्या खळीत कालवलेले रंग. महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या, दिवशी देवीचे डोळे रेखायची प्रथा आहे. सगळ्या कामात अवघड तेच, कारण तिथे चुकलेली रेघ लपत नाही.

पूर्वी देवी आणि तिची मुले एकाच प्रभावळीखाली असत. 1930 च्या दशकात मूर्तिकार गोपेश्वर पाल यांनी त्या मूर्ती सुट्या केल्या. फाळणीनंतर पूर्व बंगालचे कारागीरही इथे आले. पुरुषांच्या या धंद्यात आता काही स्त्रियांनीही नाव कमावले आहे. 2021 मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या मानाचा मोठा वाटा या अरुंद, दमट गल्ल्यांतल्या हातांचा आहे.