कॅसलरॉकची मालगाडी

कॅसलरॉक म्हणजे तेव्हा हद्द. मुरगाव बंदरापासून निघालेला मीटरगेज रूळ दूधसागरच्या अंगावरून घाट चढून १८८८ साली इथं ब्रिटिश मुलखाला मिळाला. पलीकडे कुळेला पोर्तुगीज जकात, अलीकडे आमची.

बाबा मालगाडीचे गार्ड. १९५४ साली मामांचा बॉक्स कॅमेरा हट्टानं मागून घेतला. रोलात आठच फोटो, म्हणून आधी आठवडाभर नुसतं बघत बसलो. मँगनीजच्या वाघिणी ब्रेक धरत उतरायच्या, तापलेल्या लोखंडाचा वास झाडीत रेंगाळायचा. चढणारी गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. पुढचं इंजिन ओढायचं, मागचं रेटायचं. पाचव्या फोटोत बाबा आले, हिरवं निशाण धरून वाकलेले.

सहाव्याला नाक्यावरच्या शिपायानं हटकलं. “हद्दीवर फोटो काढतोस व्हय रे?” रोल उपसून त्यानं उन्हात धरला.

पुढच्याच वर्षी नाकेबंदीत गाड्या थांबल्या, रुळांत गवत माजलं. गोवा मुक्त झाल्यावर त्या पुन्हा धावल्या, पण हद्दच उरली नव्हती. नव्वदीत ब्रॉडगेज आला, मीटरगेज उखडला. बाबा त्याआधीच गेले.

रिकामं रीळ तेवढं शिपायानं परत दिलं होतं. ते माझ्या पेटीत आहे.