जुनापाणी येथील शिळावर्तुळे

जुनापाणी येथील शिळावर्तुळे ही महाराष्ट्राच्या नागपूर जिल्ह्यातील लोहयुगीन दफनस्थाने आहेत. नागपूर–काटोल मार्गालगत, नागपूर शहरापासून सुमारे १० किलोमीटर अंतरावर ती पसरलेली असून त्यांची संख्या सुमारे ३०० आहे. मृतांच्या स्मरणार्थ मोठ्या शिळा रचणाऱ्या महापाषाण संस्कृतीचे हे विदर्भातील एक प्रमुख स्थळ होय. या संस्कृतीचा विदर्भातील काळ स्थूलमानाने इ.स.पू. पहिल्या सहस्रकाचा मानला जातो. या लोकांनी लेखन मागे ठेवलेले नाही. त्यामुळे त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती या दफनांतून आणि मोजक्या वसतिस्थानांतून मिळते.

रचना

ओबडधोबड काळ्या शिळा एकमेकींना लागून गोलाकार मांडलेल्या दिसतात. या कड्याच्या आत माती आणि लहानमोठे दगडगोटे यांची भर घातलेली असते, त्यामुळे मधला भाग किंचित उंचवट्यासारखा दिसतो. मृताचे अवशेष व त्याच्यासोबत ठेवलेल्या वस्तू या भरावाखाली असतात. अनेक वर्तुळांत संपूर्ण सांगाडा न मिळता थोडीच हाडे मिळतात. यावरून मृतदेह काही काळ अन्यत्र ठेवून नंतर अस्थी पुरण्याची प्रथा असावी, असे अनुमान केले जाते. काही शिळांवर वाटीसारखे गोल खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांच्या मांडणीचा संबंध आकाशनिरीक्षणाशी असावा, असे मत काही संशोधकांनी मांडले आहे. ते सर्वमान्य नाही.

संशोधन

ब्रिटिश अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नॅक याने एकोणिसाव्या शतकात येथे खोदकाम केले. त्याचे निष्कर्ष १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. काळ्या-तांबड्या रंगाची मृद्भांडी, लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, बांगड्या आणि घोड्याची कडियाळी या येथील उल्लेखनीय वस्तू होत.

दफनांवरून कळणारे लोकजीवन

जुनापाणीचा अर्थ आसपासच्या स्थळांसह पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नैकुंड येथे उत्खनने केली. माहुरझरीत घोड्यांचे अवशेष व त्यांच्या मुखावरील तांब्याचे अलंकार मिळाले. हे गाव अकीक, कार्नेलियन यांसारख्या दगडांच्या मण्यांसाठीही प्रसिद्ध आहे. नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी आढळली. म्हणजे कबरीत ठेवलेले लोखंड या प्रदेशातही तयार होत होते. लोहार, मणी घडविणारे कारागीर, शेतकरी आणि घोडे बाळगणारे लोक यांचा एक समाज येथे नांदत होता, असे या पुराव्यांवरून दिसते.

जपानी कोफुनशी तुलना

मृतावर उंचवटा रचण्याची प्रथा जगाच्या अनेक भागांत आढळते. जपानमध्ये इ.स. तिसऱ्या ते सातव्या शतकांत ‘कोफुन’ नावाचे मातीचे भव्य दफन-टेकाड उभारले गेले. साकाई शहरातील दाइसेन कोफुन कुलपाच्या भोकासारख्या आकाराचा असून त्याची लांबी सुमारे ४८६ मीटर आहे. २०१९ मध्ये मोझु-फुरुइची हा कोफुनसमूह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. दाइसेनच्या टेकाडावर सामान्य लोकांना प्रवेश नाही. अभ्यागत त्याचे दर्शन खंदकाबाहेरूनच घेतात. जुनापाणीची वर्तुळे त्याहून कित्येक शतके जुनी, आकाराने लहान आणि उघड्या माळावरची आहेत. जपानी टेकाडांभोवती पाण्याचे खंदक आहेत, तर येथे मृताची सीमा केवळ शिळांच्या कड्याने आखलेली आहे.

स्थळभेट व संवर्धन

प्रथमदर्शनी हे स्थळ विखुरलेल्या दगडांचा माळ वाटू शकते. एका शिळेपासून सुरुवात करून कड्याने चालत गेल्यास वर्तुळ पूर्ण होते आणि मधला उंचवटा ध्यानात येतो. खळगे पाहण्यास सकाळची किंवा सायंकाळची तिरपी उन्हे सोयीची असतात. पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात शिळा झाकल्या जातात.

ही शिळावर्तुळे केंद्र शासनाच्या संरक्षित स्मारकांत गणली जातात. प्राचीन स्मारकांसंबंधीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राभोवतीच्या १०० मीटर परिसरात नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरांत ते नियंत्रित आहे. तथापि विदर्भात शिळावर्तुळांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील सर्वांना असे संरक्षण लाभलेले नाही. शेतीचा विस्तार, रस्ते आणि बांधकामासाठी दगडांची उचल यांमुळे त्यांपैकी अनेक नाहीशी झाली आहेत. वस्तूंचे परस्परांशी असलेले स्थान हाच येथील मुख्य पुरावा असतो. जागेवरून हललेली शिळा पुन्हा तेथे ठेवता येते; परंतु विस्कटलेल्या भरावातून हाडे, भांडी व हत्यारे कोणत्या क्रमाने ठेवली होती, हे नंतर सांगता येत नाही. म्हणून शिळांवर न चढणे, त्या न हलविणे आणि खापराचा तुकडाही न उचलणे हे प्रत्येक अभ्यागताचे कर्तव्य ठरते.