प्रश्न तीन, बक्षीस एक : संगणकप्रेमींच्या ज्ञानस्पर्धेचे गणित

संगणकाच्या सुट्या भागांत रमणाऱ्या मंडळींचे असंख्य समूह महाजालावर आहेत. कोणता प्रोसेसर कोणत्या मदरबोर्डवर चालेल, पंखा एवढा आवाज का करतो, जुन्या यंत्रात नवी हार्ड डिस्क कशी बसवावी, असल्या विषयांवर तेथे मध्यरात्र उलटून जाईपर्यंत खल चालतो. अशा समूहाचा वर्धापनदिन आला किंवा एखाद्या उत्पादकाने एखादे ग्राफिक्स कार्ड देऊ केले, की संचालकांना हमखास सुचणारी कल्पना म्हणजे प्रश्नमंजूषा. तीन प्रश्न विचारायचे, बरोबर उत्तरे देणाऱ्यांतून एकाच्या नावाची चिठ्ठी काढायची आणि वस्तू त्याच्या घरी पाठवून द्यायची. वरवर पाहता यासारखे सोपे काम नाही. प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षे एकमेकांची यंत्रे फुकट दुरुस्त करून देणारी माणसे एका कार्डावरून एकमेकांना दुरावतात आणि ज्याने हौसेने स्पर्धा घेतली, त्याच्यावरच वशिलेबाजीचा आरोप येतो.

या घोटाळ्याचे मूळ बहुधा एकच असते. ज्ञानाची कसोटी आणि नशिबाची सोडत या दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाखाली एकत्र बांधल्या जातात आणि विजेता नेमके कोण ठरवते, प्रश्न की चिठ्ठी, हे कोणी स्पष्ट केलेले नसते. सभासद आपल्या ज्ञानाचा मान होईल या समजुतीने उतरतो आणि हरल्यावर त्याला कळते की शंभर जण बरोबर होते, निवड मात्र चिठ्ठीने झाली.

प्रश्न विचारण्याची ही प्रथा केवळ करमणुकीसाठी पडलेली नाही, तिच्यामागे कायद्याचाही धाक आहे. याचे गमतीचे उदाहरण कॅनडात सापडते. तेथे सोडतीत नाव निघालेल्या भाग्यवंताला बक्षीस हाती पडण्यापूर्वी एक छोटेसे गणित सोडवावे लागते. उदाहरणार्थ, सोळाला चाराने गुणा, त्यात वीस मिळवा आणि सहाने भागा. उत्तर चौदा आले की बक्षीस आपले. तेथील फौजदारी कायद्याच्या २०६ व्या कलमाने निव्वळ नशिबावर वस्तू वाटण्यास मनाई केलेली असल्यामुळे नशिबात कौशल्याचा हा चिमूटभर मसाला घालावा लागतो. शिवाय स्पर्धकाकडून मोबदला घेता येत नाही. अमेरिकेत बक्षीस, नशीब आणि मोबदला हे तिन्ही एकत्र आले की ती लॉटरी ठरते. म्हणूनच तेथील जाहिरातींत ‘खरेदीची आवश्यकता नाही’ हे वाक्य न चुकता छापलेले असते.

आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल लागला तो शब्दकोड्यांवरून, आणि तोही मुंबई राज्याच्या खटल्यात. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवीत आणि त्यांचे बरेच स्पर्धक मुंबई राज्यातले असत. मुंबई सरकारने या स्पर्धांना आपल्या १९४८ च्या कायद्याखाली आणले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ साली न्यायालयाने दिलेला निर्णय आजही पायाभूत मानला जातो. स्पर्धेतील यश मोठ्या प्रमाणावर कौशल्यावर अवलंबून असेल तरच जुगाराचा कलंक टळतो आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असा त्याचा आशय आहे. १९५५ च्या केंद्रीय बक्षीस स्पर्धा कायद्याने तर अक्षरे, शब्द किंवा आकडे जुळविण्याच्या कोड्यांसाठी महिन्याला एक हजार रुपयांच्या बक्षिसांची आणि दोन हजार प्रवेशिकांची मर्यादा घातली. त्याच वर्षी, १९५७ मध्ये, हा कायदा नशिबाधारित स्पर्धांपुरताच लागू होतो असा खुलासा न्यायालयाने केला. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय कायद्याची भर पडली आहे. शुल्क किंवा पैसे लावून जिंकण्याच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना हा कायदा मज्जाव करतो आणि त्यात कौशल्य व नशीब हा भेद केलेला नाही. सबब हौशी संयोजकाने घ्यावयाचा बोध सरळ आहे : प्रवेशशुल्क एक रुपयाही घेऊ नये, अगदी ‘कुरिअरच्या खर्चापुरते’ म्हणूनही नाही.

आता प्रश्नांकडे वळू. खरी कसोटी येथेच आहे आणि ती स्पर्धकांपेक्षा संयोजकांची अधिक. संगणकाच्या इतिहासात ‘पहिला’ हा शब्द अत्यंत धोक्याचा. जगातील पहिला मायक्रोप्रोसेसर कोणता, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर इंटेल ४००४ असेच येईल. तो १९७१ साली बाजारात आला, त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. परंतु अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ लढाऊ विमानासाठी १९७० सालीच एक चिपसंच तयार झाला होता आणि तो गोपनीय असल्यामुळे १९९८ पर्यंत त्याविषयी जगाला फारसे ठाऊक नव्हते. जाणकार सभासद हे उत्तर देणारच आणि ते चूक ठरविणे संयोजकाला जड जाईल. ‘बाजारात विक्रीस आलेला, एकाच चिपवरील’ एवढे शब्द प्रश्नात घातले असते तर वाद उद्भवला नसता.

ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. ‘जीपीयू’ ही संज्ञा एनव्हिडियाने १९९९ च्या जीफोर्स २५६ पासून आणली, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक १९९४ च्या सोनी प्लेस्टेशनमधील चित्रण करणाऱ्या चिपलाही हेच नाव होते. एनव्हिडियाने ते जाहिरातीतून घरोघरी पोचविले, इतकेच. पहिल्या हार्ड डिस्कच्या क्षमतेवरून तर प्रस्तुत लेखकाचेच उत्तर एका स्पर्धेत बाद झाले आहे. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या त्या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत. संयोजकांचे उत्तर होते पाच मेगाबाइट. पण त्या काळी एक अक्षर सहा बिटांचे होते. आजच्या आठ बिटांच्या हिशेबाने ही क्षमता पावणेचार मेगाबाइट भरते. आम्ही हिशेब मांडून पाठविला. ‘उत्तरपत्रिकेत पाच लिहिले आहे’ एवढेच त्यावर उत्तर आले. बक्षीस होते एक कीबोर्ड. कीबोर्डाचे दुःख नव्हते, हिशेब कोणी वाचलाच नाही याचे होते.

मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण हवे असेल तर ‘भारतातील पहिला संगणक’ घ्या. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास एचईसी-२एम हा ब्रिटिश संगणक बसविण्यात आला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला टिफ्रॅक १९६० साली कार्यान्वित झाला. ‘भारतात बसविलेला’ आणि ‘भारतात घडविलेला’ या दोन शब्दांत कोलकाता आणि मुंबईएवढे अंतर आहे. चांगल्या प्रश्नकर्त्याने प्रश्न लिहून झाल्यावर तो एखाद्या चिकित्सक मित्राच्या हाती द्यावा आणि ‘याची दुसरी बरोबर उत्तरे शोध’ असे सांगावे. दुसरे उत्तर सापडले की प्रश्न बदलावा. स्पर्धा सुरू झाल्यावर ते सापडले, तर दोन्ही उत्तरे ग्राह्य धरून तसे सर्वांना कळवावे.

शोधयंत्रामुळे आता सोपा प्रश्न उरलेला नाही, ही तक्रार खरी आहे. साल किंवा नाव विचारणारा प्रश्न दहा सेकंदांत सुटतो. त्यावर उपाय म्हणजे हिशेब करायला लावणारे किंवा निरीक्षण मागणारे प्रश्न : एका मदरबोर्डाचे छायाचित्र द्यावे आणि त्यावरील कोणत्या खाचेत कार्ड घातल्यास त्याचा वेग निम्मा होईल, असे विचारावे, किंवा विक्रेत्याने एक टेराबाइट म्हणून विकलेली डिस्क यंत्रावर ९३१ गीगाबाइटच का दाखविते, ते दोन ओळींत लिहायला सांगावे. (विक्रेता हजाराने भागतो, विंडोज १०२४ ने.) सभासदाने रोज हाताळलेल्या यंत्रातून आलेला प्रश्न त्याला आवडतोही अधिक.

उत्तरे सर्वांदेखत मागवू नयेत, खासगी निरोपाने मागवावीत. नाहीतर पहिल्याने कष्ट करावेत आणि मागच्या नव्वदांनी नक्कल करावी, असा प्रकार होतो. ‘जो आधी उत्तर देईल तो विजेता’ ही पद्धतही टाळावी. पुण्यातला सभासद झोपलेला असतो तेव्हा न्यू जर्सीतला जागा असतो. मुदत देताना भारतीय प्रमाणवेळेचा स्पष्ट उल्लेख असावा. एकाच माणसाने चार नावांनी भाग घेऊ नये म्हणून स्पर्धा जाहीर होण्यापूर्वीच्या ठरावीक तारखेपर्यंत सभासद झालेल्यांनाच प्रवेश द्यावा, हा उपाय पुरेसा ठरतो. संयोजक, परीक्षक आणि त्यांचे कुटुंबीय अर्थातच बाहेर. प्रश्न फुटण्याची शंकासुद्धा किती महागात पडते, हे अमेरिकेतील ‘ट्वेंटी-वन’ या दूरचित्रवाणी स्पर्धेने दाखवून दिले आहे. निर्मातेच लाडक्या स्पर्धकाला उत्तरे पुरवीत होते. १९५९ साली चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी ते संसदीय समितीसमोर कबूल केले आणि पुढच्याच वर्षी अशा बनवाबनवीविरुद्ध तेथे कायदा झाला.

बरोबर उत्तरे अनेकांची आली की सोडत अटळ होते. बंद खोलीत काढलेल्या चिठ्ठीवर कोणी विश्वास ठेवावा? संगणकाने काढलेला यादृच्छिक आकडाही त्याच योग्यतेचा, कारण संयोजकाने बटण एकदाच दाबले की आपल्या मित्राचे नाव येईपर्यंत दाबले, हे कोणाला दिसते? या कोड्याची उकल महाजालाचे तांत्रिक संकेत ठरविणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने फार पूर्वीच केली. आपल्या एका समितीचे सदस्य सोडतीने निवडताना तिने वापरलेली रीत २००० साली आणि सुधारून २००४ साली ‘आरएफसी ३७९७’ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. तत्त्व असे : पात्र व्यक्तींची क्रमांकित यादी आधी जाहीर करायची, अजून न घडलेल्या आणि कोणाच्याही हाती नसलेल्या कोणत्या सार्वजनिक आकड्यावरून निवड होईल, तेही आधीच जाहीर करायचे, आणि तो आकडा आल्यावर प्रत्येकाने स्वतः गणित करून निकाल पडताळायचा.

घरगुती रूपात हे कोणालाही जमेल. समजा, १३७ जणांची उत्तरे बरोबर आहेत. त्यांची यादी बुधवारी प्रसिद्ध केली आणि शुक्रवारी बंद होणारा सेन्सेक्स वापरू असे सांगितले. शुक्रवारी तो ८०,४६२.७१ वर बंद झाला. दशांशचिन्ह काढले की ८०४६२७१ ही संख्या मिळते. तिला १३७ ने भागल्यास बाकी १२४ उरते. त्यात एक मिळविला की विजेता १२५ व्या क्रमांकाचा. बाकी शून्य आली तरी पहिला क्रमांक मिळावा म्हणून तो एक. शुक्रवारी बाजाराला सुटी नाही ना, तेवढे मात्र आधी पाहून ठेवावे.

निकाल दडवू नये. विक्री वाढविण्यासाठी योजलेल्या बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडविणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी व्यवहार आहे. उत्पादकाने पुरस्कृत केलेल्या स्पर्धेत हे विसरून चालत नाही. कराचेही तसेच. दहा हजारांवरील बक्षिसावर तीस टक्के कर मुळातच कापावा लागतो आणि बक्षीस वस्तुरूपात असेल तर तो भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू सोडता येत नाही. चाळीस हजारांच्या कार्डावर हे बारा हजार होतात. ते विजेत्याने भरायचे की पुरस्कर्त्याने, हे नियमांत लिहिलेले नसेल तर आनंदाच्या दिवशीच विजेत्याचा चेहरा उतरतो. परदेशातून वस्तू येणार असल्यास सीमाशुल्काचा खर्च निराळा.

शेवटचा टप्पा पाठवणीचा. वस्तू वापरलेली असेल तर तसे आधीच सांगावे. सुटा भाग स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवीत घालूनच खोक्यात ठेवावा. खोके बंद करण्यापूर्वी त्यावरील अनुक्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि खरेदीची पावती विजेत्याला न विसरता पाठवावी. पावती नसलेल्या कार्डाची हमी मागायला गेलेल्या माणसाला सेवाकेंद्राच्या खिडकीवर ‘बक्षीस मिळाले आहे’ एवढे सांगून भागत नाही.