भिंतीवर चढलेली जमीन

परवा कोकणातल्या घरी पुढच्या खोलीची फरशी काढायला घेतली. भिंतीच्या पायथ्याची मोझॅकची पट्टी, म्हणजे आपलं स्कर्टिंग, गवंडीदादांनी छिन्नीने उचकटली, तर मागे मातीच्या भिंतीवर गेरूचा तांबडा पट्टा! आई वाकली, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सासूबाईंचा हात आहे हा."

तेव्हापासून त्या चार इंचांचा विचार डोक्यातून जात नाहीये.

स्कर्टिंग हा शब्द आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. तिकडे ते लाकडाचं असतं. गिलावा आणि लाकडी जमीन यांच्यात फट राहते, ती झाकायला ही फळी. खुर्च्यांचे, बुटांचे धक्केही तीच खाते. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या घरांत दिवाणखान्यातली फळी चांगली उंच, नक्षीदार असे. नोकरांच्या खोलीत बुटकी आणि साधी. फळीवरून खोलीची पायरी कळायची म्हणा ना.

आपल्याकडे लाकडाला दोन शत्रू. एक वाळवी, दुसरी आपली बादली! आपण जमीन पाण्याने पुसतो, सणासुदीला धुतोसुद्धा. म्हणून इथे फळीऐवजी जमीनच भिंतीवर चढली. शहाबादीला शहाबादी, मोझॅकला मोझॅक. १९२२ साली स्वदेशीच्या भारलेल्या दिवसांत मुंबईत भारत टाइल्स सुरू झाली. अशा कारखान्यांच्या रंगीत सिमेंट टाइल्सची जुनी जमीन कुठे दिसली तर जरूर बघा: मध्ये नक्षी, कडेने वेगळी किनार. थेट लुगड्याचा काठ.

पण जमीन भिंतीवर चढवणं आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सारवताना तिचा हात भिंतीवर वीतभर वर जायचाच. दिवाळीआधी त्यावर गेरूचा पट्टा. शेणाचे शिंतोडे, केरसुणीचे फटके, पावसाळी ओल, सगळं त्या पट्ट्याने झेलायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवं व्हायचं. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांतली कावी कला ही या तांबड्या रंगाची श्रीमंत बहीण. पांढऱ्या चुन्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. आजीच्या पट्ट्यात कोरीवकाम नव्हतं, पण तो कधी वाकडाही गेला नाही.

१९८८ साली बाबांनी साठवलेल्या पैशांतून मोझॅक बसवलं. "आता घर पक्कं झालं," म्हणाले. त्यांचा तो आनंद मला अजून आठवतो. पण मातीची भिंत गेरूतून ओल बाहेर सोडायची, ती वाट सिमेंटने बंद झाली. ओल पट्टीच्या वर चढली, पोपडे धरले. आम्ही मात्र इतकी वर्षं कौलांना दोष देत बसलो. बाबा गेले तेही कौलंच बदलायला हवीत असं म्हणत.

आता गवंडीदादा विचारताहेत, "व्हिट्रिफाइडची पट्टी मारू ना?" मी नको म्हटलं. भिंतीला चुना, खाली गेरू.

आई एवढंच म्हणाली, "आणि दरवर्षी पट्टा ओढणार कोण? माझे गुडघे?"

मी म्हटलंय, मी येईन. दिवाळीआधी चार दिवस रजा टाकायची. आजीइतका सरळ येणार नाही, पण..

असो. तुमच्या घरी या पट्ट्याला काय म्हणायचे?